पिकांच्या जनुकशास्त्राच्या लॅबमध्ये टेक्निशियनला दिवसभर काय काम असतं?

बीएस्सी झालंय, धारवाडकडे पिकांच्या लॅबमध्ये टेक्निशियनची जागा निघालीय, जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी खानापूर तालुक्यातली, सहा वर्षं हेच काम करतेय.

दिवसभर पानं कुटायची, खरंच. कोवळं पान द्रव नायट्रोजनमध्ये खलायचं, सीटॅबच्या (पेशी फोडून डीएनए मोकळा करणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात ६५ अंशांवर ठेवायचं, क्लोरोफॉर्म घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, वरचा निवळ थर अलगद उचलायचा. त्यात गार आयसोप्रोपेनॉल घातलं की पांढरे धागे दिसतात. तोच डीएनए. उसाच्या पानात चिकट पदार्थ फार, त्याचा डीएनए कधी कधी शेंबडासारखा हाताला येतो. मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढणं, मग जेल, म्हणजे त्या प्रती पट्ट्यांच्या रूपात बघणं.

पीसीआर फसला तर जेलवर लगेच कळतं. ट्यूबवरचा झाडाचा नंबर चुकला तर कळत नाही. पट्टे झकास येतात, फक्त ते दुसऱ्याच झाडाचे असतात, आणि शेतात भलतंच झाड निवडलं जातं. पहिल्या वर्षी माझ्या हातून ७० टक्के अल्कोहोल सांडलं आणि ४८ ट्यूबांवरचे मार्करचे नंबर पुसले गेले. सोयाबीनच्या संकराची दुसरी पिढी होती ती. त्या पिढीत एका झाडासारखं दुसरं नसतं, त्यामुळे शेजारचं पान आणून भागत नाही. तोवर शेतातली पानंही गळून गेली होती. एक हंगाम गेला. तेव्हापासून झाकणावर एक नंबर, अंगावर एक, आणि वहीत ट्रेचा नकाशा पेन्सिलीने.

एसीत बसायचं काम असं समजून येऊ नका. आपल्या बेळगाव जिल्ह्यातलं उगार खुर्द सोयाबीनच्या तांबेऱ्यासाठी, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगासाठी, प्रसिद्ध आहे (कौतुकाची गोष्ट नाही, पण संशोधकांच्या सोयीची). कुठला वाण तग धरतो ते अशाच ठिकाणी बघतात. धारवाड कृषी विद्यापीठाचा डीएसबी २१ हा वाण तांबेऱ्याला दाद देत नाही, जेएस ३३५ मात्र बळी पडतो. भर पावसात चिखलात उभं राहून पानामागचे फोड बघत गुण द्यायचे, आणि त्याच झाडांची पानं बर्फात घालून लॅबला न्यायची.

मराठी शाळेत शिकलात म्हणून अडणार नाही, वह्या इंग्रजीतच असतात. शेतावर मात्र कन्नड लागतं. तांबेऱ्याला तिथे ‘तुक्कु रोग’ म्हणतात, मला तो शब्द मजूर बायकांनी शिकवला.

पगाराबद्दल एवढंच, की अशा बऱ्याच जागा प्रोजेक्टवरच्या असतात. प्रोजेक्ट संपला की जागा संपली. तेव्हा मुलाखतीतच विचारा, किती वर्षं राहिलीत. आणि लॅब दाखवतील तेव्हा फ्यूम हूड (रसायनांची वाफ बाहेर ओढणारं कपाट) चालू आहे का, ते स्वतः बटण दाबून बघा. माझ्या पहिल्या लॅबमध्ये त्यात जेवणाचे डबे ठेवायचे.