अनंत भागिले अनंत

"मॅडम, हिला मॅथ्स सोडून नुसतं बायो ठेवायचंय. तुम्हीच समजवा." नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नीट टेकायच्या आधीच आईनं विषय काढला. लेक अकरावी सायन्सला. दहावीला गणितात ९६, आणि क्लासच्या चाचणीत २५ पैकी ७. लिमिट, म्हणजे एक्स वाढत गेला की उत्तर कशाच्या जवळ जातं ते, जमत नाही म्हणजे आपलं गणितच कच्चं का, हा प्रश्न घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी येतंच.

एरवी मी आधी झोप, मोबाईल विचारते. या वेळी पेपर मागितला. बीएस्सीचं गणित कधीतरी कामी यावं!

तीन गणितं चुकली होती, चूक एकच. वर-खाली अनंत आलं की तिनं सरळ कट करून १ लिहिलं होतं. एके ठिकाणी व्हाइटनरखाली खरं उत्तर, तीन छेद दोन, अर्धवट दिसत होतं. म्हणजे आलं होतं, पण स्वतःवर भरवसा नव्हता.

आई दिवाळीत चकल्यांची ऑर्डर घेते. म्हटलं, समज मशीन २४,००० चं, आणि पाकिटामागे माल ६० रुपयांचा. मशीनसकट एक पाकीट कितीला पडलं? पोरीनं मोबाईलवर काढलं : १०० पाकिटांना ३००, हजाराला ८४, दहा हजारांना ६२.४०. मग स्वतःच म्हणाली, "२४,००० ला एक्सनं भागलं की ते विरत जातं. उरतात साठ." पुस्तकातली एक्सच्या सर्वांत मोठ्या घातानं भागायची रीत ती हीच. वर एकूण खर्च, खाली पाकिटं, दोन्ही वाढतात खरे, पण कोण किती वेगानं वाढतं ते बघायचं. एक्स वर्ग भागिले एक्स वाढतच जातं, उलटं केलं की शून्याकडे जातं. मग सगळीकडे १ कसं येईल?

एक्स उणे अनंताकडे जाताना वर्गमूळ असलं की चिन्ह चुकतं, तिथे भलेभले फसतात. एक्सच्या जागी उणे १००० घालून बघ, एक्स वर्गाचं वर्गमूळ अधिक १००० येतं, उणे नाही, एवढंच सांगितलं.

विषय सोडायचं मी पुढच्या चाचणीपर्यंत लांबवायला लावलं. मार्क हातात पडले त्याच आठवड्यात असा निर्णय घेऊ देत नाही मी कुणाला.

चप्पल घालता घालता आईनं विचारलं, "मग खूप चकल्या केल्या की पाकीट साठला पडणार ना?"

"नाही गं आई. साठच्या हवं तेवढं जवळ. साठला नाही."