आईच्या बाथरूमला भिंतीत सरकणारा दरवाजा बसवायचा आहे, हार्डवेअर कोणतं घेऊ?

तुम्ही लिहिलंय की आई वॉकर घेऊन चालतात, बाथरूमचं अडीच फुटी दार आत उघडतं आणि वॉकरला अडतं. दुकानदार ४० किलो वजन पेलणारा ट्रॅक पुरेल म्हणतोय. मी सुतारकाम करतो, असे दरवाजे बसवले आहेत, त्यावरून सांगतो.

तुमचा विचार योग्य आहे. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार ढकलता येत नाही. सरकतं दार तेव्हाही उघडतं.

पण हार्डवेअरच्या आधी भिंत बघा. कोपऱ्यात ड्रिल मारा. लाल भुकटी आली तर वीट, ड्रिल सहज आत गेलं आणि पांढरट भुकटी आली तर हलका ब्लॉक. ड्रिल अडलं तर काँक्रीट समजा. नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, भिंती काँक्रीटच्या आणि बहुतेक इमारतीचा भार घेणाऱ्या असतात. त्यांना हात लावायचा नाही, तिथे भिंतीच्या बाहेरून सरकणारं दार लावा. विटेची ४ इंची भिंत कोरूनही दार आत सरकायला खिसा होत नाही. इंजिनिअरला दाखवून तेवढा भाग काढायचा आणि फ्रेम उभी करून दोन्ही बाजूंनी बोर्ड मारायचे. सगळी जाडी ५ इंचांच्या आसपास जाते. दाराच्या दुप्पट रुंदी लागते आणि त्या पट्ट्यात नळ, वायरिंग काही नको.

आता ट्रॅक. ३० मिमीचं अडीच बाय सात फुटी फ्लश डोअर २८ किलोच्या आसपास भरतं. दोन्ही बाजूंना लॅमिनेट, वर हँडल आणि लॉक धरलं की ३५ झाले. ४० किलोचा ट्रॅक काठावर चालेल, पण तो भिंतीत गाडला जाणार आहे. ८० किलोचा घ्या, बेअरिंगच्या चाकांचा. खालच्या लादीत ट्रॅक नको, वॉकर अडखळेल. दार डुलू नये म्हणून खिशाच्या तोंडाशी छोटा गाईड पुरतो.

दुकानात एकच प्रश्न विचारा: भिंत न फोडता चाकं आणि ट्रॅक बाहेर काढता येतात का? नाही म्हणाला तर घेऊ नका. एका घरी मी असाच अडकलो. दार सरकताना खर्र वाजायला लागलं आणि लॅमिनेटवर गुडघ्याच्या उंचीला सरळ पांढरी रेघ उमटली. बाथरूमच्या बाजूने बोर्ड मारताना लांब स्क्रू वापरला होता, त्याचं टोक खिशात आलं होतं. तो काढायला दार उतरवावं लागलं, आणि ट्रॅक झाकणारी वरची पट्टी मी खिळे-फेविकॉलने पक्की केली होती. ती फोडूनच काढली. तेव्हापासून चौकटीची एका बाजूची पट्टी मी फक्त स्क्रूवर ठेवतो, आणि बोर्ड बंद करण्याआधी खिशात हात घालून प्रत्येक स्क्रू चाचपतो. दार टांगून दोन दिवस वापरून बघा, मगच भिंत बंद करा. बाथरूमच्या बाजूला सिमेंट बोर्ड आणि टाईल, फ्रेमला मरीन प्लाय किंवा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेले) लोखंडी सेक्शन.

लॉक हुकचं घ्या, बाहेरून नाण्याने उघडेल असं. आतला खटका मोठा हवा.

आणि हँडल. पूर्ण आत जाणाऱ्या दाराला खोबणीचं हँडल असतं, त्यात बोटं रुतवून ओढावं लागतं. म्हाताऱ्या हातांना ते जमत नाही. स्टॉपर असा बसवा की दार ३ इंच बाहेरच राहील, आणि त्यावर मुठीत धरता येईल असं डी हँडल लावा. त्यामुळे ३० इंची दारातून जायला २७ इंच उरतात, म्हणून वॉकर आणि त्यावरचे दोन्ही हात धरून आधी मोजा. जागा असेल तर दारच ३३ इंचांचं करून घ्या.