ज्यूरी ड्यूटी आणि घरी लहान मुलं: तारीख बदलायची घाई करू नका

घरी चार वर्षांचा मुलगा, चौदा महिन्यांची मुलगी, नवरा आठवड्यातले तीन दिवस गावाबाहेर आणि हातात कॅलिफोर्नियाच्या सुपिरिअर कोर्टाचं, म्हणजे राज्याच्या कोर्टाचं, ज्यूरी ड्यूटीचं समन्स: खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत येऊन बसा, असं बोलावणं. तुम्ही लिहिलंय, ‘सध्या ऑनलाइन तारीख पुढे ढकलते, तोवर काहीतरी सोय होईल.’ कृपया जरा थांबा. मी अगदी हेच केलं होतं आणि ते मला फार महागात पडलं.

माझ्या वेळी सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. समन्स आलं तेव्हा त्यांचे तीन महिने उरले होते. मोठ्याचा नव्या शाळेतला पहिलाच आठवडा होता, म्हणून मी तारीख पुढे ढकलली. समोर दिसेल तो सोमवार निवडला, त्यांच्या परतीच्या तिकिटाकडे पाहिलंच नाही. त्या शनिवारी विमानात बसल्या आणि सोमवारी माझी ज्यूरी ड्यूटी. घरात हक्काचं माणूस होतं ते तीन महिने मी हातचे घालवले.

मग कोर्टाला फोन सुरू झाले. पहिल्या फोनला उत्तर, ‘एकदा तारीख घेतलीत ना, आता यावंच लागेल.’ दुसऱ्याला, ‘या आणि जजला सांगा.’ दीड वर्षाच्या मुलीला कुठे ठेवून येऊ, यावर काही उत्तर नाही. तिसऱ्या वेळी एक बाई गोड बोलल्या, ‘नोंद केली आहे, यायची गरज नाही.’ मी विश्वास ठेवला. नाव विचारलं नाही, लेखी काही मागितलं नाही. दीड महिन्याने घरी नोटीस, की तुम्ही हजर राहिला नाहीत, दंड १,५०० डॉलरपर्यंत होऊ शकतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. शेवटी मुलीला शेजारणीकडे ठेवून कोर्टाच्या खिडकीवर जाऊन उभी राहिले, तेव्हा तिथल्या एका कर्मचाऱ्याने पाच मिनिटांत सांगितलं की विनंती लेखी द्यायची आणि त्यात दोन गोष्टी हव्यात: अडचण नेमकी काय, आणि तारीख पुढे ढकलून ती का सुटणार नाही. हे पहिल्या फोनवर कुणी का सांगू नये? अजूनही राग येतो.

ती दुसरी गोष्टच कळीची आहे. राज्याच्या कोर्टांच्या नियमात (नियम २.१००८) ती स्पष्ट लिहिली आहे. नुसतं ‘मुलं लहान आहेत’ लिहिलं तर तारीख बदलून मिळते, सुटका होत नाही. तुम्ही असं लिहा: मुलांची वयं, दिवसभर त्यांना तुम्हीच सांभाळता, नवऱ्याच्या प्रवासाचे दिवस, जवळ नातेवाईक नाहीत, पैसे देऊन कुणी ठेवायचं तर रोजचा खर्च किती, आणि तीन महिन्यांनीही हे सगळं असंच असणार. बहुतेक काउंटींत (जिल्ह्यांत) ज्यूरीत बसण्याचे कोर्टाकडून दुसऱ्या दिवसापासून रोजचे १५ डॉलर मिळतात, पहिल्या दिवसाचे काहीच नाहीत. आमच्या भागात तेवढ्या पैशांत एक तासही बेबीसिटर येत नाही. हेही लिहा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मुलगी अजून अंगावर पीत असेल तर तुमचा रस्ता त्याहून सोपा. तेवढ्या कारणावर एक वर्षापर्यंत मुदत मागता येते, ती पुढे वाढवून घेता येते, आणि त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही.

मी वकील नाही. हे सगळं कॅलिफोर्नियाच्या राज्य कोर्टाबद्दल आहे. समन्स फेडरल (केंद्राच्या) कोर्टाचं असेल तर नियम वेगळे, आणि राज्याराज्यांतही फरक आहे. टेक्सासमध्ये बारा वर्षांखालच्या मुलाला सांभाळायला दुसरं कुणी नसेल तर कायद्यातच सवलत आहे.

आणखी एक, एच-वनवर (नोकरीच्या व्हिसावर) असलेल्यांसाठी. ज्यूरीची यादी ड्रायव्हिंग लायसन्सवरूनही बनते, त्यामुळे नागरिक नसलेल्यांनाही समन्स येतं. ते फेकू नका, ‘नागरिक नाही’ ही खूण करून परत पाठवा. आणि ज्यूरी चुकवल्याचा दंड गिफ्ट कार्डाने भरा असा फोन आला तर तो भामट्याचा, सरळ ठेवून द्या.

ज्यूरी कायमची टाळा असं मी म्हणत नाही. धाकटी शाळेत गेल्यावर मी स्वतः चार दिवस एका खटल्यात बसले. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, ‘नानावटीच्या खटल्यात होती तशी?’ एका माणसाचं पुढचं आयुष्य आपल्या बारा जणांच्या हातात आहे, हे तिथे बसल्यावर कळतं, आणि तिथे बसताना मन घरच्या मुलांकडे असून चालत नाही. म्हणूनच तुम्ही आत्ता सुटका मागणं मला योग्य वाटतं.

समन्सवर उत्तराची मुदत छापलेली असते, ती आधी पाहा. पत्राची प्रत ठेवा. फोन केलात तर बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ टिपून घ्या, आणि कोर्टाकडून लेखी उत्तर येईपर्यंत काम झालं असं समजू नका.