स्टीम डेकला टॅबलेट मोड द्यावा का?

माझ्या मते स्टीम डेक या हातात धरून गेम खेळायच्या यंत्राला वेगळा टॅबलेट मोड, म्हणजे टॅबलेटसारखे वापरण्याची सोय, देण्याची गरज नाही. त्यापेक्षा २०२२ साली आलेल्या या यंत्रात आधीपासून असलेला डेस्कटॉप मोड (साध्या संगणकासारखा वापर) बोटांनी नीट हाताळता येईल, एवढे केले तरी पुरे. खरी अडचण बांधणीची आहे: मूळ मॉडेलच्या ७ इंची पडद्याच्या दोन्ही बाजूंना न निघणारी बटणे आणि स्टिक असून वजन सुमारे ६६९ ग्रॅम भरते, त्यामुळे ते उभे धरून पुस्तक वाचणे मनगटाला जड जाते. डेस्कटॉप मोडमध्ये तर कीबोर्डही स्टीम आणि एक्स ही बटणे एकत्र दाबून आणावा लागतो, आणि तो आला की पडद्याचा बराच भाग झाकला जातो. लेनोवोच्या पहिल्या लीजन गो या अशाच गेमिंग यंत्राचे कंट्रोलर सुटे होतात व पडदा ८.८ इंची आहे. टॅबलेट मोडचा हट्ट धरायचाच, तर तो अशा यंत्रासाठी धरावा.