अकरावीचं कॉलेज: तिकडचं आणि इकडचं

प्रश्न: आम्ही वॉशिंग्टन राज्यात बॉथेलला राहतो. मुलगी दहावीत आहे, पुढे मेडिकलला जायचं म्हणते. तिच्या मैत्रिणी अकरावीपासून ‘रनिंग स्टार्ट’मधून, म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स करायच्या राज्याच्या योजनेतून, पूर्णवेळ कम्युनिटी कॉलेजला जाणार आहेत. दोन वर्षांची फी वाचेल म्हणून आमची दोघांची तयारी आहे. नाशिकला आम्हीही अकरावीला कॉलेजातच होतो की! ती मात्र का-कू करतेय. काय करावं?

उत्तर: ताई, गोची त्या नाशिकच्या वाक्यातच आहे. आपलं ज्युनिअर कॉलेज नावाला कॉलेज. अकरावी म्हणजे दहावीचा शीण घालवायचं वर्ष. ते मार्क पुढे कुणी विचारले तुम्हाला? मला तरी नाही. इथे पहिल्या कोर्सपासून कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांची कायमची नोंद, सुरू होतं आणि ते पुसता येत नाही. मेडिकलच्या सामायिक अर्जात, म्हणजे एएमसीएएसमध्ये, शाळेत असताना केलेले कॉलेजचे कोर्सही एकूण एक लिहावे लागतात आणि जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरले जातात. सोळाव्या वर्षी केमिस्ट्रीत पडलेला ‘सी’ ग्रेड बाविसाव्या वर्षी पुन्हा समोर येतो. शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय घेऊन देतात त्या एपीच्या परीक्षेत १ ते ५ पैकी दोनच मिळाले, तर निदान तो आकडा कॉलेजच्या अर्जात न लिहायची सोय असते.

फीचं म्हणाल तर योजना चांगलीच आहे. १९९० च्या कायद्याने आली, ट्यूशन फी लागत नाही. पुस्तकं, किरकोळ फी आणि रोजची ने-आण तेवढी आपली. पाच क्रेडिटचा कॉलेजचा एक कोर्स म्हणजे शाळेचं वर्षभराचं एक क्रेडिट. ऐकायला छान. पण वर्षभराचा विषय साधारण अकरा आठवड्यांत उरकतो, आणि मध्येच फ्लूने आठवडा गेला की पोरं धापा टाकतात. वाचलेली दोन वर्षंही तिने राज्यातलं सरकारी विद्यापीठ घेतलं तरच बऱ्यापैकी हाती लागतात. हे क्रेडिट धरायचे की नाही, याचे बाहेरच्या खासगी कॉलेजांचे नियम ज्याचे त्याचे.

आणखी एक, जे तुम्हाला रुचणार नाही. रोज रात्री शाळेचं अ‍ॅप उघडून मार्क बघायची सवय कॉलेजात चालत नाही. मुलगी सोळाची असली तरी फेर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने तिथल्या नोंदींवर हक्क तिचा. माझ्याकडच्या एका मुलाच्या आईने प्रोफेसरना लांबलचक ईमेल लिहिला होता. उत्तर एका ओळीचं आलं: त्याला लिहायला सांगा.

माझं मत विचाराल तर पूर्णवेळ नको. फॉल क्वार्टरला, म्हणजे सप्टेंबरच्या सत्राला, एकच कोर्स घ्या, इंग्लिश कॉम्पोझिशन. बाकी सगळं शाळेत, सायन्स तर शाळेतच. जमलं तर विंटरला दुसरा.

आणि ती का-कू का करतेय, ते पत्रात कुठेच नाही. ऑर्केस्ट्रा सुटेल, मैत्रिणींच्या मागे फरपट होईल, की नुसतीच भीती? नाव नोंदवायच्या फॉर्मवर शाळेच्या काउन्सेलरची सही लागते. त्या भेटीला तिला एकटीला जाऊ द्या.