ऑनलाइन साउंड शिकवायचंय? आधी एवढं करा

बडोद्यात बसून सातारा-नागपूरच्या मुलांना रेकॉर्डिंग शिकवायचं म्हणताय, जरूर शिकवा. फक्त एक खूणगाठ बांधा: व्हिडिओ कॉलवर आवाजाची पारख करायची नाही. झूमला तानपुऱ्याची आस (तारेची रेंगाळणारी गुंज) म्हणजे पंख्याची घरघर वाटते, तो ती कापून टाकतो. 'ओरिजिनल साउंड' चालू केलंत की बरंच सुधारतं, तरी ईक्यूतला (जाड-बारीक आवाज कमी-जास्त करण्यातला) दोन डेसिबलचा फरक पलीकडे पोचेलच असं नाही. म्हणून २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह (WAV, आवाज न दाबलेली) फाइल आदल्या दिवशी ड्राइव्हवर टाका. प्रत्येकाने ती आपापल्या हेडफोनवर ऐकायची, कॉलवर नुसती चर्चा. व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट नकोच, तिथे आवाजाचा चोथा होतो.

नवे शिक्षक हमखास घसरतात ते इथे:

- पहिल्याच आठवड्यात कंप्रेसर (आवाजातले चढउतार आवरणारं साधन). आधी गेन, म्हणजे माइकचा आवाज किती घ्यायचा ते, लावायला शिकवा. पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात उंच टोक, उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला की पुरे.
- महागडा माइक घ्यायला लावणं. गृहपाठ फोनवरही होतो. एकच ओवी एकदा वीतभर अंतरावरून, एकदा हातभर अंतरावरून रेकॉर्ड करायची. खोली किती मध्ये बोलते ते पोरांना लगेच कळतं, आणि भिंतीला गोधडी का लावायची हे वेगळं सांगावं लागत नाही.
- कॉलवर तबल्याची साथ. लेटन्सीमुळे, म्हणजे आवाज उशिरा पोचत असल्यामुळे, सम हुकणारच, नाद सोडा.

सॉफ्टवेअर सगळ्यांचं एकच ठेवा. ऑडॅसिटी फुकट आहे, चालेल. मास्टरिंगचं (तयार रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवण्याचं) नंतर बघू. आणि बडोद्याच्या दांडिया बाजारात राहत असाल तर वर्ग सकाळी घ्या. नवरात्रात रात्रीचा तर विचारच करू नका!