जुनी युद्धनौका बुडवली की विषाचं काय?

प्रश्न: निवृत्त युद्धनौका बुडवून त्यावर प्रवाळ वाढवतात म्हणे, पण आतल्या विषाचं काय होतं?

उत्तर: तेल, सुटलेला रंग वगैरे आधी काढतात, पण खरी गोची केबलमध्ये असते, जुन्या केबलच्या आवरणात पीसीबी नावाचं विषारी रसायन असतं आणि ते काढायचं तर अख्खं जहाजच उसवावं लागतं. अमेरिकेची ओरिस्कनी ही विमानवाहू नौका २००६ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडवली तेव्हा ३०० किलोच्या वर पीसीबी आतच राहिलं, तेही रीतसर परवानगीने! मासे आले, डायव्हर पण खूश, पण पीसीबी माशांच्या चरबीत साठत जातं ना. ब्राझीलने तर २०२३ मध्ये साओ पाउलो नावाची विमानवाहू नौका ॲस्बेस्टॉससकट (फुप्फुसांना घातक तंतू) सुमारे ५००० मीटर खोल बुडवली, तिथे कसलं प्रवाळ उगवणार. मला विचाराल तर महाग पडलं तरी नीट तोडून भंगारात काढलेलं बरं, फक्त तोडणाऱ्या कामगारांना धड मास्क तरी द्या.